केसपेपरवरची झोप

२५ डिसेंबर १९१८ रोजी वर्सोव्याच्या किनाऱ्यावरच्या 'द सँड्स' या बंगल्यात योगेंद्र नावाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने 'द योगा इन्स्टिट्यूट' ही संस्था सुरू केली. बंगला दादाभाई नौरोजींचा. विलायतेहून कायमचे परतल्यावर दादाभाई अखेरची वर्षं वर्सोव्याला राहिले आणि संस्था निघण्याच्या आदल्या वर्षी वारले. महायुद्ध नुकतंच थांबलं होतं, इन्फ्लुएन्झाच्या साथीत शहर होरपळून निघालं होतं, आणि वर्सोवा जिथे येतं ती अंधेरी अजून मुंबईत मोडत नव्हती. महापालिकेच्या हद्दीत ती आली थेट १९५० साली. मठात, गुहेत राहिलेली विद्या नोकरी-संसार सांभाळणाऱ्या, प्रकृतीच्या तक्रारींनी गांजलेल्या माणसाला शिकवायची, एवढाच त्या तरुणाचा खटाटोप होता. त्याच अंधेरीत आज व्यायामशाळांतून आणि फोनवरच्या दुकानांतून गाढ झोपेचं पेप्टाइड विकलं जातं. कॅप्सूल आहेत, जिभेखाली धरायचे थेंब आहेत, टोचून घ्यायच्या कुप्याही आहेत. ताण उतरेल, झोप खोल लागेल, सकाळी ताजंतवानं वाटेल, असं आश्वासन मिळतं. आणि त्या आश्वासनाला टेकू म्हणून एक उगमाची गोष्ट असते, कुठल्याशा युरोपीय प्रयोगशाळेची. वर्सोव्याच्या बंगल्यापासून या कुपीपर्यंतच्या शंभर वर्षांत मुंबईने झोपेची आणि शांततेची बरीच साधनं पाहिली, काही स्वतः घडवली. तो इतिहास नीट लावला तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. साधन प्राचीन आहे की प्रयोगशाळेतलं, देशी की विलायती, यावरून त्याची किंमत कधीच ठरली नाही. ते रुग्णावर वापरून, नफ्याबरोबर तोटाही लिहून ठेवून, ती नोंद चारचौघांत मांडली गेली का, यावर ठरली. ही नोंद करण्याची जागा मुंबईकडे होती, अंधेरीहून लोकलने तासाभराच्या आत गाठता येणारी: परळचं केईएम रुग्णालय. आणि पेप्टाइडच्या बाबतीत अशी नोंद झालीच नाही असंही नाही. झाली आहे, पण विक्रेत्याच्या गोष्टीतून ती गाळली जाते.

आधी या पेप्टाइडची कुळकथा पाहू, कारण ती खरी आहे आणि सुरसही. १९६० आणि ७० च्या दशकांत स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरात मोनिए आणि शोएनेनबर्गर यांच्या गटाने सशांच्या मेंदूतल्या थॅलॅमस या भागाला विजेची मंद चालना देऊन ससे झोपवले. झोपलेल्या सशाच्या मेंदूकडून परत येणारं रक्त गाळून त्यातला अंश त्यांनी जाग्या सशांना टोचला. जाग्या सशांच्या मेंदूच्या आलेखात संथ आणि उंच डेल्टा लहरी वाढलेल्या दिसल्या. माणसाच्या सर्वांत गाढ झोपेतही याच लहरी असतात. १९७७ मध्ये त्या अंशाची रचना उलगडली: नऊ अमिनो आम्लांची एक छोटी साखळी. डेल्टा लहरींची झोप आणणारं म्हणून तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून डीएसआयपी हे नाव पडलं. झोप हा रक्तातून वाहणारा पदार्थ आहे आणि तो आपल्या हाती लागला, अशी आशा तेव्हा वाटली असेल तर नवल नाही. पुढचा प्रवास मात्र निराशेचा आहे. शरीरात हे पेप्टाइड बनवणारं जनुक सापडलं नाही, पेशीवर ते कुठे चिकटतं ती जागाही नक्की सापडली नाही. २००६ मध्ये दोन संशोधकांनी सगळ्या पुराव्याचा आढावा घेतला आणि शीर्षकातच त्याला न सुटलेलं कोडं म्हटलं. माणसांवरचे बहुतेक प्रयोग ८० च्या दशकात झाले, मुख्यतः शिरेतून औषध देऊन, थोड्याथोडक्या रुग्णांवर. १९९२ मध्ये निद्रानाशाच्या १६ जुनाट रुग्णांवर झालेल्या प्रयोगात कोणाला पेप्टाइड मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. परिणाम इतका फिका निघाला की यातून उपचार म्हणून फारसं काही हाती लागेल असं वाटत नाही, असा निर्वाळा त्या संशोधकांनीच दिला. शिवाय शिरेतून दिलेली गोष्ट वेगळी आणि गिळलेली वेगळी. नऊ आम्लांची साखळी जठरात आणि आतड्यात पोचली की पाचकरस तिला डाळीतल्या प्रथिनासारखंच तोडतात. विक्रीच्या मजकुरात १९७७ चे ससे असतात, १९९२ चे सोळा रुग्ण नसतात.

यावर पहिला आक्षेप अनुभवाचा येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घेणाऱ्याला झोप लागली ना, मग ससे काय आणि रुग्ण काय? मुंबईच्या इतिहासात या आक्षेपाला एक जुनं आणि कडू उत्तर आहे: बाळगोळी. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पुरुष कामगारांसाठी बारा तासांची मर्यादा घालायला १९११ चा कायदा यावा लागला. कामावर जाणाऱ्या बाईने तान्हं मूल कोणाच्या भरवशावर ठेवायचं? चाळीतल्या म्हातारीकडे ठेवायचं, आणि ते रडू नये म्हणून अफूचा अंश असलेली गोळी उगाळून चाटवायची. १९२२ मध्ये मुंबई सरकारने डॉक्टर बार्न्स या बाईंना गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी करायला नेमलं, तेव्हा अशा स्त्रियांच्या जवळपास सगळ्याच तान्ह्या मुलांना अफू दिली जाते असं त्यांच्या पाहणीत निघालं. आता या बाळगोळीकडे आक्षेपकाच्या नजरेने पाहा. मूल झोपत असे, खात्रीने झोपत असे. आईचा अनुभव खोटा नव्हता, म्हातारीचाही नव्हता. पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा होती, गोळी स्वस्त होती, जवळच्या दुकानात मिळत होती. आणि त्या झोपेत मुलाची भूक मरत होती, वाढ खुंटत होती, एखादं उठतच नव्हतं. गुण येतो की नाही हा प्रश्न घरातल्या माणसाला सोडवता येतो. त्याची किंमत काय पडते हे मात्र शेकडो घरांतली माहिती एका जागी लिहिल्याशिवाय कळत नाही. बाळगोळीच्या बाबतीत ते लिहिणारी व्यक्ती आली तेव्हा प्रथा जुनी झालेली होती.

याच्या उलट उदाहरण सर्पगंधेचं. ते मुंबईचं आहे, आणि माझ्या मते औषधांच्या भारतीय इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं आहे. सर्पगंधेची मुळी उन्मादावर, निद्रानाशावर, सर्पदंशावर देण्याची रीत देशात शतकानुशतकं होती. बिहारकडे तर तिला सरळ पागल की दवा म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर तिचा गुण येतो असा निबंध लिहिला. त्याच साली दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुळीतली अल्कलॉइडं वेगळी काढली. १९३४ मध्ये हिमालया कंपनीने मुळीच्या गोळ्या 'सर्पिना' या नावाने बाजारात आणल्या. म्हणजे परंपरा होती, रसायनशास्त्र होतं, बाजारही होता. तरी जगाने दखल घेतली नाही, आणि ती घ्यावी असं काही तोवर झालंही नव्हतं. ते केलं रुस्तम जाल वकील या मुंबईकर हृदयरोगतज्ज्ञाने. केईएममध्ये येणारे रक्तदाबाचे ५० रुग्ण त्यांनी घेतले. आधी काही काळ औषधाविना त्यांचा रक्तदाब पाहिला, मग मुळीच्या गोळ्या दिल्या, आठवड्यांमागून आठवडे आकडे टिपले, गोळी बंद केल्यावर काय होतं तेही टिपलं, आणि १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ते सगळं छापलं. शंभरातल्या ऐंशीहून अधिक रुग्णांचा रक्तदाब कमीअधिक उतरला होता. हे काम वाचून स्वित्झर्लंडची सीबा कंपनी मुळीच्या मागे लागली. १९५२ मध्ये म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी तिच्यातलं मुख्य द्रव्य रेसर्पिन वेगळं केलं. गंमत अशी की तेही बासेलमध्येच, जिथे पंचवीस वर्षांनी झोपेचं पेप्टाइड उलगडणार होतं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णालयातल्या अस्वस्थ रुग्णांवर रेसर्पिनचा परिणाम प्रसिद्ध केला, आणि मनाला शांत करणाऱ्या गोळ्यांचं युग अमेरिकेत सुरू झालं. वकिलांना १९५७ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला.

इथवरची गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि बहुधा इथेच संपवली जाते. माझ्या दृष्टीने तिचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. रेसर्पिन लाखो लोक घेऊ लागल्यावर नाक चोंदतं, सुस्ती येते, जुलाब होतात या तक्रारी आल्या, आणि काही रुग्ण खोल खिन्नतेत जातात असं डॉक्टर लिहू लागले. शांत करणारं औषध काहींना खाली ओढतं, या निरीक्षणामुळे मेंदूतल्या रसायनांवर जोमाने काम सुरू झालं. रेसर्पिन सेरोटोनिन आणि तत्सम द्रव्यांचे साठे रिकामे करतं असं दिसलं, आणि नैराश्याबद्दलचा एक मोठा सिद्धान्त त्यातून उभा राहिला. १९७४ मध्ये या औषधाचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध असल्याची भीती पसरली. नंतरच्या अभ्यासांत ती टिकली नाही. रेसर्पिनमुळे नैराश्य येतं हे विधानही पुढे पुन्हा तपासलं गेलं आणि समजलं जात होतं तितकं ते पक्कं नाही असं अनेकांचं मत झालं. आरोप झाले, साक्षी झाल्या, काही आरोप टिकले, काही फेटाळले गेले. हे सगळं शक्य झालं ते मात्रा, रुग्ण आणि परिणाम पहिल्यापासून कागदावर होते म्हणून. रेसर्पिन आज फारसं कोणी देत नाही. त्याला मी पराभव समजत नाही. औषधाचं आयुष्य असंच उघड्यावर जावं.

आता उपनगरांकडे वळू. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत औषधांच्या कंपन्या दक्षिण मुंबईच्या पेढ्यांतून निघून या बाजूला पसरल्या. साकीनाक्याला पार्क-डेव्हिसचा कारखाना आला, मुलुंडला हेक्स्ट, भांडुपला सीबा. २१ मार्च १९६३ रोजी गोरेगावात सीबाच्या संशोधन केंद्राचं उद्‌घाटन पंडित नेहरूंनी केलं. ज्या कंपनीने भारतीय मुळीतून नाव आणि पैसा कमावला, तिने संशोधन करायला मुंबईच्या उपनगरात यावं, यात थोडी परतफेड होती असं म्हणायला हरकत नाही. टी. आर. गोविंदाचारी यांच्या नेतृत्वाखाली तिथे जे घडलं त्यातून नायट्रॉक्साझेपिन हे नैराश्यावरचं औषध 'सिंटामिल' या नावाने १९८० च्या दशकात बाजारात आलं. मनाच्या आजारावरचं एक औषध गोरेगावात शोधलं गेलं होतं, हे आज त्या रस्त्याने जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. केंद्र पुढे बंद पडलं. १९८३ मध्ये वापीला पाच मानसोपचाराच्या औषधांवर सुरू झालेल्या सन फार्माचं मुख्य कार्यालय पुढे कितीतरी वर्षं अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या ॲक्मे प्लाझामध्ये होतं. देशातली सर्वांत मोठी औषध कंपनी मनाच्या गोळ्यांवर उभी राहिली आणि तिचा कारभार अंधेरीतून चालला. दरम्यान घराघरांत 'काम्पोज' पोचली होती. डायझेपामची ती गोळी रॅनबॅक्सीने १९६९ मध्ये आणली आणि मराठी घरांत झोपेची कोणतीही गोळी 'काम्पोज' म्हणून ओळखली जाऊ लागली, इतकी ती अंगवळणी पडली.

याच काळात एक झोपेची गोळी वाटेतच बिघडली आणि तिचं मूळ भारतीय आहे, म्हणून तिला वगळून चालणार नाही. १९५१ मध्ये भारतात इंद्रकिशोर कक्कर आणि सैयद हुसेन झहीर मलेरियावरच्या औषधाच्या शोधात असताना त्यांनी मेथाक्वॅलोन बनवलं. ते झोप आणतं हे मागाहून लक्षात आलं. व्यसन लावत नाही, बार्बिच्युरेट या झोपेच्या जुन्या औषधांपेक्षा सुरक्षित आहे, असा डंका पिटत ते ६० च्या दशकात युरोपात 'मँड्रॅक्स' म्हणून खपलं. सुरक्षिततेचा तो दावा पुरेशा नोंदीआधीच केलेला होता. काही वर्षांतच ती नशेची गोळी झाली, देशोदेशी बंदी आली, भारतानेही ८० च्या दशकात तिला आवर घातला. त्यानंतर तिचं चोरटं उत्पादन भारतात फोफावलं, मुंबई त्यात बदनाम झाली, आणि माल दक्षिण आफ्रिकेला जात राहिला. सर्पगंधा आणि मेथाक्वॅलोन, दोन्ही भारतीय. दोहोंतली एक गोळी वॉर्डातून जगाच्या बाजारात गेली, दुसरी बाजारातून वॉर्डात आली.

इथे कोणी म्हणेल, ही सगळी गोळ्यांची कथा झाली. वर्सोव्याच्या योगेंद्रांचं काय? शवासनाला, निस्पंदभावाच्या निश्चल विसाव्याला कसली चाचणी लावता? लावता येते, आणि लावली गेली, तीही परळलाच. १९६९ मध्ये केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी सहकाऱ्यांसह, त्यांत लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे विनेकरही होते, रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकवलं. औषध न घेणारे, औषधाने रक्तदाब ताब्यात असलेले आणि औषध घेऊनही ताब्यात नसलेले, असे तीन गट त्यांनी वेगळे ठेवले. पहिल्या गटाचा रक्तदाब उतरला, दुसऱ्यातल्या बऱ्याच जणांची औषधं घटवता आली, तिसऱ्यात यश कमी मिळालं. आणि ते कमी मिळालेलं यशही छापलं. ज्या रुग्णालयाने मुळी तपासली त्यानेच वीस वर्षांनी जमिनीवर निपचित पडण्याची क्रिया तपासली, तशाच कोरड्या नजरेने. पुढचं पाऊल तिथल्या मानसोपचार विभागाने टाकलं. डॉ. एन. एस. वाहिया, दूंगाजी आणि त्यांचे तरुण सहकारी, ज्यांत पुढे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झालेले दिलीप जेस्तेही होते, यांनी १९७० च्या सुमारास पतंजलीच्या कल्पनांवर बेतलेला उपचार चिंतेच्या आणि मनोकायिक आजारांच्या रुग्णांना दिला. बरोबर दुसरा गट ठेवला, ज्याला वरवर तसंच दिसणारं, पण मनाच्या एकाग्रतेचा गाभा काढून घेतलेलं काहीतरी शिकवलं. आसनाची नक्कल करून आसनाची परीक्षा घेण्याची ही युक्ती आजच्या संशोधकालाही सुचायला कठीण जाते. योग आपला म्हणून त्याला सूट दिली गेली नाही, त्यामुळेच त्याची बाजू पुढे मांडता आली.

दुसरा आक्षेप जाणकारांचा असेल. वकिलांच्या १९४९ च्या कामात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, नकली गोळी नव्हती. दात्यांचे ४७ रुग्णही संख्येने थोडे. आजच्या मापाने हे पुरावे कच्चेच, मग त्यांचा आदर्श पेप्टाइडवाल्यांपुढे का ठेवायचा? आक्षेप रास्त आहे आणि त्यातलं तथ्य मी मान्य करतो. पण वकील ते दाते ते वाहिया या वीस-बावीस वर्षांत एकाच आवारात पद्धत कशी कडक होत गेली ते पाहा: आधी औषधाआधीचे आणि नंतरचे आकडे, मग वेगवेगळे गट, मग नकली उपचार. कच्च्या पुराव्याला कच्चा म्हणण्याची सोय त्या नोंदींनी स्वतःच ठेवली होती. पेप्टाइडच्या जाहिरातीत 'वापरणाऱ्यांचे अनुभव' असतात. त्यांत मात्रा नसते, किती जणांनी मधेच सोडलं ते नसतं, ज्यांना काहीच झालं नाही ते तर नसतातच. अशा मजकुरात चूक शोधायची म्हटलं तरी शोधता येत नाही.

तिसरा आक्षेप असा की सगळी पेप्टाइडं एका माळेत ओवू नयेत. हेही खरं, आणि यासाठी दुधाचं उदाहरण घेतो. अंधेरीच्या पूर्वेला लागून १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली, शहरातल्या गोठ्यांतल्या म्हशी तिकडे हलवण्यासाठी. रात्री निजताना जायफळ घातलेलं कोमट दूध प्यायचा सल्ला तर आपल्याकडे त्याहून फार जुना. फ्रान्समधल्या नॅन्सी शहरातल्या संशोधकांनी दुधातल्या केसीन या प्रथिनाला ट्रिप्सिन या पाचकरसाने तोडून दहा आम्लांचं एक पेप्टाइड मिळवलं आणि ते उंदरांत डायझेपामच्या जातीच्या औषधांसारखं सौम्य काम करतं असं २००१ मध्ये दाखवलं. दूध प्यायलेलं बाळ शांत झोपतं, कारण त्याच्या पोटात या जातीचं पचन अधिक चालतं, अशी त्यामागची अटकळ होती. २००५ मध्ये ४२ निरोगी पुरुषांना अवघड मानसिक कसोट्या आणि बर्फाच्या पाण्यात हात धरण्याचा त्रास देऊन पाहिलं, तेव्हा हे पेप्टाइड घेतलेल्यांचा रक्तदाब नकली गोळीवाल्यांपेक्षा कमी चढला. झोपेवरही काही लहान अभ्यास झाले आहेत. एवढ्यावरून निद्रानाश बरा होतो म्हणणं धाडसाचं ठरेल. यातले बरेच अभ्यास छोटे आहेत आणि माल विकणाऱ्यांच्या हितसंबंधांपासून फार दूर नाहीत. तरी तोंडाने घेतलेल्या वस्तूची, माणसांवर, नकली गोळीशी तुलना करून केलेली ही मोजणी आहे, म्हणजे बासेलच्या पेप्टाइडच्या कॅप्सूलहून हा दावा एक पायरी वरचा. नुसत्या कपभर दुधातून तोच तुकडा तितक्याच प्रमाणात मोठ्या माणसाला मिळेल हे मात्र यातून सिद्ध होत नाही. तेव्हा आजीच्या सल्ल्याला फ्रान्सने शिक्का मारला, असं म्हणण्याची घाई नको. आजीला त्या शिक्क्याची गरजही नव्हती. ती दूध विकत नव्हती.

कायद्याने या चित्रात एक विचित्र वळण आणलं आहे. डायझेपाम, अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही औषधं २०१४ पासून 'एच-वन' या अनुसूचीत आहेत. केमिस्टला चिठ्ठी लागते. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि दिलेली मात्रा वेगळ्या वहीत उतरवून ती वही तीन वर्षं जपावी लागते. हे योग्यच झालं, कारण काम्पोजच्या पिढीने सवयीचे दुष्परिणाम भोगलेत. पण एका दारावर पहारा बसला की वर्दळ बिनपहाऱ्याच्या दाराकडे वळते. पूरक आहार म्हणून विकली जाणारी वस्तू अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांखाली येते. रोग बरा करण्याचा दावा तिला करता येत नाही आणि वेष्टनावर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावं लागतं. म्हणून मजकूर लिहिणारा 'निद्रानाश' टाळून 'झोपेची गुणवत्ता' म्हणतो, 'चिंतारोग' टाळून 'ताण' म्हणतो, आणि वाचणारा मनातल्या मनात मूळ शब्द भरून घेतो. टोचायच्या कुप्या तर अनेकदा केवळ संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही, अशा इशाऱ्यासह विकल्या जातात, आणि त्याच पानावर रात्री किती घ्यायचं याची चर्चा चालते. कुपीत लिहिल्याप्रमाणे पेप्टाइड आहे का, निर्जंतुक आहे का, हे तपासण्याची जबाबदारी अशा व्यवहारात कोणाचीच राहत नाही. औषधाचे दावे सांगायचे, अन्नाच्या कायद्यात राहायचं आणि संशोधनाच्या इशाऱ्याआड उभं राहायचं, अशी ही तिहेरी सोय आहे. सौम्य वस्तूला एवढे निकष कशाला, असं विचारणाऱ्याला एवढंच सांगता येईल: सौम्य असेल तर गाढ झोपेचा दावा सोडा, आणि दावा ठेवायचा तर पुरावा द्या.

शेवटचा आक्षेप गरजेचा, आणि माझ्या मते तोच सर्वांत वजनदार आहे. अंधेरीची झोप खरोखरच मोडलेली आहे. १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात-उद्योगांचं क्षेत्र सुरू झालं, मरोळच्या एमआयडीसीत पाळ्या चालू झाल्या, १९८१ मध्ये सहारला आंतरराष्ट्रीय विमानतळाची इमारत उभी राहिली आणि युरोप-अमेरिकेकडच्या विमानांच्या वेळांनी मध्यरात्र ही कामाची वेळ ठरवली. २००० च्या आसपास कॉल सेंटरं आली, परदेशातल्या दिवसासाठी इथली रात्र जागू लागली. स्टुडिओंतल्या चित्रीकरणाला घड्याळ माहीत नव्हतंच. अशा माणसाला वेळेवर निजा, दिवे मंद करा, शवासन करा असं सांगणं म्हणजे गिरणीतल्या बाईला मूल घरी सांभाळा म्हणून सांगण्यासारखं, हे कोणी म्हणालं तर मी ते खोडून काढणार नाही. पण बाळगोळीचा प्रश्न जिथवर सुटला, तिथवर तो अधिक चांगली गोळी निघाल्याने सुटला नाही. मुंबई प्रांताने १९२९ मध्ये प्रसूती रजेचा कायदा केला, पुढे कारखान्यांत पाळणाघरं सक्तीची झाली, कामाचे तास घटले. रात्रपाळ्यांच्या बाबतीत तशा कायद्यांची मागणी आज कोणी फारशी करत नाही. दोन पाळ्यांमध्ये किती तासांची विश्रांती, सलग किती रात्री, पाळी बदलायची ती पुढच्या वेळेकडे की मागच्या, या गोष्टींचा झोपेवर होणारा परिणाम मोजता येतो आणि जगात मोजला गेला आहे. पण त्यात विकण्याजोगं काही नसल्यामुळे त्याची जाहिरात होत नाही. आणि निद्रानाश जुनाट असेल तर २०१६ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने गोळीच्या आधी वर्तनोपचार सुचवला: अंथरुणावर जागं पडून राहण्याचा वेळ कमी करणं, उठण्याची वेळ न बदलणं, झोपेच्या धास्तीवर काम करणं. मुंबईच्या पालिका रुग्णालयांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत, केसपेपर थोडक्या रुपयांत निघतो, आणि महिन्याभराच्या पेप्टाइडच्या किमतीत तिथे वर्षभर जाता येतं. रांग मात्र लांब असते, दुपारी ती संपते, आणि रात्रपाळी करून आलेला माणूस त्या वेळी झोपायचा प्रयत्न करत असतो.